शनिवारच्या बोटीवरचं माझं नाव

३ जून, सोमवार

रेडिओवरून फोन. मिरेई कापिंगा नावाची मुलगी. किन्शासातले गाजलेले अल्बम कसे झाले, ते वाजवणाऱ्यांच्याच तोंडून ऐकवायचं, असा तिचा शनिवारचा लाइव्ह प्रोग्राम आहे. आता पाळी आमच्या ऑर्केस्ट्रा लोपांगोच्या 'मासुवा या म्पोसो'ची. म्हणजे शनिवारची बोट. उशिरा का होईना, जग जागं झालं.

मी शांतपणे म्हणालो, बघतो, वेळ आहे का. मग थोडा वेळ थांबून म्हणालो, आहे.

गायक लिटूंबा आणि गाण्यात नावं पुकारणारा पाचो, दोघांनाही बोलावलंय म्हणे. असू देत. सोबत होईल.

जॉर्जेटला सांगितलं. ती पोंडूच्या भाजीसाठी कसाव्याची पानं उखळात कुटत होती. म्हणाली, जा की. आणि कुटत राहिली. पिकतं तिथे विकत नाही, ते हे असं.

५ जून, बुधवार

रेडिओवर काय सांगायचं ते ठरवलं. मुख्य मुद्दा एकच. मी.

शेवटच्या गाण्यात सेबेन सुरू होतो, गायक गप्प बसतात, गिटारी धावायला लागतात, आणि पाचो ओरडतो, थेओ म्विंडा, दिवा लाव. थेओ मी, म्विंडा म्हणजे दिवा. मग ती गिटार जी सुटते ती सुटतेच. त्या एका हाकेवर मी या शहरात आजवर ताठ मानेने फिरलो. बारमध्ये शिरलो की कोणीतरी ओरडतंच, म्विंडा, दिवा लाव. समोर बिअर येते. ती मी नाकारत नाही, लोकांचं मन मोडू नये.

आपल्याकडे गाण्यात नाव यायला काय करावं लागतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हिरेवाले, सिमेंटवाले, कर्नल, सगळे पाकीट सरकवतात आणि गायक त्यांची नावं गातात. अशा नावांना आम्ही माबांगा म्हणतो, म्हणजे दगड. आमच्या अल्बमवर दगडांचा ढीग आहे. त्यात कलेसाठी पुकारलेलं नाव एकच, माझं. हे मिरेईने नीट समजून घेतलं पाहिजे.

उद्यापासून रोज पहाटे रियाज.

६ जून, गुरुवार

पहाटे उठलो. परत झोपलो. आमच्याकडे जूनची पहाट गार, बोटं आखडतात, उगीच दुखापत व्हायची.

९ जून, रविवार

रियाजाला बसलो तर शेजारच्या प्रार्थनासभेचे कर्णे सुरू. पास्टर सैतानाला हाकलत होते. सैतान दुपारपर्यंत गेला नाही. शिवाय माझ्या गिटारची तिसरी तार सायकलच्या ब्रेकची आहे, ती बेसूर बोलते. नव्या तारा आणणे.

संध्याकाळी पाचोकडे गेलो. म्हटलं, रेडिओवर सगळ्यांनी एकच सांगायला हवं. तो म्हणाला, तुला त्या दिवसाचं काय आठवतं ते आधी सांग.

सगळं आठवतं. दुपारी कव्हरचा फोटो होता. माझी जपानी कापडाची पँट नगाबा वस्तीतल्या इस्त्रीवाल्याकडे, आणि त्या गाढवाचे कोळसे ओले. चुरगळलेल्या पँटने कव्हरवर उभं राहायचं म्हणजे ऑर्केस्ट्राची अब्रू जायची. म्हणून स्टुडिओत पोचायला जरासा उशीर झाला. पण पोचल्यावर जे वाजवलं, त्याने खोली चिडीचूप झाली. काचेपलीकडून इंजिनियरने अंगठा वर केला.

पाचोने हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, खोली चिडीचूप झाली होती, हे खरं. त्याचे डोळे ओले झाले होते. जुने कलावंत हळवे असतात.

निघताना विचारतो काय, तर मामा जॉर्जेट (आमच्याकडे मामा म्हणजे आई, बायकांना मानाने तसंच म्हणतात) अजून पोंडूत धुरावलेले मासे घालते का. मी कलेचं बोलतोय आणि ह्याचं लक्ष पातेल्यात.

१४ जून, शुक्रवार

रियाज झाला. सेबेन वाजवून बघितला. पहिले चार सूर बरे आले, पुढचे बोटांत येईनात. शेवटी कॅसेट लावली आणि एकेक सूर शोधत बसलो. आपलंच वाजवलेलं आपल्यालाच कॅसेटवरून शिकावं लागावं, हे मोठ्या वादकांच्याच नशिबी येतं. त्या दिवशी अंगात आलं होतं. अंगात आलेलं पुन्हा कसं येणार?

जॉर्जेट आतून म्हणाली, अहो पापा सोलांज (लेकीच्या नावाने ती मला अशीच हाक मारते), कशाला जीव काढता, रेडिओवर नुसतं बोलायचंच तर आहे ना. तिला संगीतातलं कळत नाही, पण मन चांगलं आहे.

प्रोग्राम झाला की स्वतःचा अल्बम काढायचा. कव्हर ठरलं. मी, नदी, मागे सूर्य मावळतोय. गाणी करणे.

१८ जून, मंगळवार

लिटूंबा घरी आला. मोटारीतून, मोठं पोट घेऊन. आधी जॉर्जेटची विचारपूस, मग माझी. म्हणाला, थेओ, रेडिओवर गिटारीचा विषय नको काढूस, आपण शब्दांचं बोलू, चालीचं बोलू, मोबुटूच्या काळचं बोलू.

म्हणजे बघा. इतक्या वर्षांनीही पोटात दुखतंय. मी म्हणालो, लिटूंबा, सत्याला घाबरू नकोस. तो काहीतरी बोलणार होता, पण जॉर्जेटने मध्येच त्याच्या हातात केळी दिली.

नंतर फाटकापाशी दोघांची बराच वेळ कुजबुज. मी भिंतीआडून ऐकलं. ती म्हणत होती, त्यांना यातलं काही कळू देऊ नका. लिटूंबा म्हणाला, मी आणि पाचो सांभाळतो, पण त्या ब्रुसेल्सवाल्याचं काय.

माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी माझा सत्कार करायचा बेत आहे. पाहुणा थेट ब्रुसेल्सहून. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. सत्काराच्या वेळी चकित झाल्यासारखं दिसलं पाहिजे. आरशात सराव केला.

२१ जून, शुक्रवार

जपानी पँट काढली. ती आटली आहे. मेहुण्याचा सूट आणला. या वेळी इस्त्री आदल्या दिवशीच करून घेतली. माणूस अनुभवाने शहाणा होतो.

तारा राहिल्या. पण सत्काराच्या दिवशी कोणी वाजवायला सांगत नाही.

२२ जून, शनिवार

सकाळी: निघतो आहे. बसमध्ये बसायचं नाही, घडी मोडते.

संध्याकाळी: आज काही लिहायचं नाही.

२३ जून, रविवार

लिहायचं नाही म्हटलं होतं, पण शेजारचा पास्टर कालचा रेडिओ ऐकून आज प्रवचनात बोलला. तेव्हा लिहितोच.

मिरेई गोड मुलगी. तिने सेबेन लावला, पाचोची हाक आली, गिटार सुटली, आणि ती म्हणाली, पापा थेओ, सांगा. मी सांगितलं. पँट, कोळसे, चिडीचूप खोली, अंगठा, सगळं. लिटूंबाला खोकल्याची उबळ आली. पाचो टेबलावरचे डाग मोजत बसला.

मग मिरेई म्हणाली की आता एक पाहुणा. मी चकित झाल्यासारखा चेहरा केला. फोनवर ब्रुसेल्सहून आर्सेन. आमचा त्या वेळचा धाकटा गिटारवाला, पोरगेलासा, मी त्याला कधी फारसं मोजलं नाही.

आर्सेन म्हणाला, काय थेओदादा, अजून तसाच आहेस, आधीच भरपूर हसवलंस. आता ती टेप संपल्याची गोष्ट सांग की.

मी विचारलं, कोणती टेप.

त्याला वाटलं, मी गंमत करतोय. मग त्यानेच सांगितली. स्टुडिओची वेळ संपत आली तरी थेओदादाचा पत्ता नाही. लिटूंबा म्हणाला, पोरा, तूच वाजव. त्याने वाजवला तो सेबेन. तेवढ्यात टेपही संपली. नंतर दादा आले, पँट हातावर आडवी धरून, लेकरू आणावं तशी. कोणाला सांगायचा धीर होईना. लिटूंबाने इंजिनियरला डोळा मारला, वाजवू दे म्हणाला, मशीन बंद आहे. दादांनी पुष्कळ वाजवलं. सगळे हसू दाबून होते, म्हणून खोली चिडीचूप. आर्सेन इथपर्यंत हसत सांगत होता. मग इकडचं कोणी हसत नाही हे त्याला कळलं आणि तो म्हणाला, अरे देवा, यांना माहीतच नव्हतं का.

मी रुमालाने डोळे टिपले. काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी म्हणालो, स्टुडिओत धूळ फार आहे.

मिरेईने विचारलं, मग पाचोपापा, तुम्ही नाव थेओंचं का पुकारलंत. पाचोने माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाला, त्या दिवशी जेवण देणारा व्यापारी तोंड लपवून बसला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, लिटूंबाचा सूर लागेना. तेवढ्यात मामा जॉर्जेट बाजारातून आली, डोक्यावर पातेलं. पोंडू, कसाव्याच्या पिठाच्या फुफूचे गोळे, धुरावलेला मासा. सगळ्यांनी बोटं चाटली. आता आमचा नियम, ज्याचं खाल्लं त्याचं नाव घालायचं. मी विचारलं, मामा, तुझं नाव कसं पुकारू. ती म्हणाली, माझं नको, यांचं पुकार, ते आल्यावर ऐकतील. गिटार वाजली आर्सेनची, मी हाक मारली थेओला.

म्हणजे दगड. हिरेवाल्यांसारखाच एक दगड, फक्त पोंडूवर घेतलेला.

त्यानंतरचा सगळा प्रोग्राम पोंडूवर झाला. लोकांचे फोन. पानं कुटलेली चांगली की यंत्रातली, मासे आधी घालायचे की नंतर. आर्सेन म्हणाला, ब्रुसेल्समध्ये फ्रीझरमधली पानं मिळतात, त्यांना चव नाही. सूटची घडी शेवटपर्यंत मोडली नाही. कोणी बघितली नाही.

घरी आल्यावर जॉर्जेटला विचारलं, खरं का हे. ती म्हणाली, जेवून घ्या. मी म्हटलं, जेवणार नाही. ती म्हणाली, खरं आहे. पण हिरेवाल्याचं नाव आलं की लोक विचारतात का, याने काय वाजवलं. नाचतात. तुमच्याही नावावर नाचले. मग मला वाईट वाटायचं काय कारण.

मी रागाने जेवलो नाही. मग जेवलो. पोंडू होता.

२५ जून, मंगळवार

बारमध्ये गेलो. कोणीतरी ओरडलं, थेओ पोंडू, झाकण काढ. बिअर आली, हे मान्य करायला हवं.

२६ जून, बुधवार

मिरेईचा फोन. लोकांच्या आग्रहामुळे दुसरा भाग ठरला आहे. मी म्हणालो, माझी बाजू मांडायला मी तयार आहे. ती म्हणाली, पापा थेओ, मामांना फोन देता का.

२९ जून, शनिवार

जॉर्जेटच्या कमरेला गुंडाळायच्या निळ्या कापडाला मी इस्त्री करतो म्हटलं. घरात कोणालातरी इस्त्रीतलं कळतं. कोळसे कोरडे होते. एक बाजू उत्तम झाली. दुसरी चालू होती तेवढ्यात तिने कापड ओढून घेतलं आणि गुंडाळलं. मी म्हटलं, अगं, अर्धं चुरगळलेलं आहे. ती म्हणाली, रेडिओत घड्या ऐकू येत नाहीत. आणि वेळेवर गेली.

मी घरी ऐकलं. ती माझ्यापेक्षा बरी बोलली. मिरेईने विचारलं, मामा, इतकी वर्षं सगळं ठाऊक असून गप्प कशा राहिलात. ती म्हणाली, हे उशिरा आले, खरं आहे. लग्नालाही उशिरा आले होते. सोलांज झाली तेव्हाही. पण येतात. न येणारे नवरे मी बाजारात रोज बघते. मग म्हणाली, आणि त्या अल्बमचं कव्हर बघा एकदा, यांच्यासारखी पँट कोणाचीच नाही.

माझ्या नाकात परत धूळ गेली. मेचा पाऊस सरल्यापासून फारच धूळ आहे.

३० जून, रविवार

काँगोचा स्वातंत्र्यदिन. गल्लीत खुर्च्या मांडल्यात, कर्ण्यावर आमचा अल्बम. हाक आली की पोरं घराकडे बघून हात हलवतात. मीही हलवला.

दुपारी कव्हर काढून बघितलं. पँट खरोखर अप्रतिम. मनात आलं, मिरेईला फोन करावा, तिसरा भाग कव्हरवर होऊ शकतो. मुद्दे काढायला भिंगाने फोटो तपासत होतो. उजव्या कडेला, लिटूंबाच्या खांद्यापलीकडे, एक हात आहे. कोपरापासून पुढचा, बाकीचं कापलं गेलंय. हातात पातेल्याचं झाकण. इतकी वर्षं मला वाटायचं, स्टुडिओतला कोणी मध्ये आला असेल. मनगटात तांब्याचं कडं आहे. ते मीच दिलेलं, लग्नात, उशिरा.

मिरेईला फोन केला नाही. कव्हर घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि जॉर्जेटला दाखवलं. तिने ओले हात पुसले, बघितलं आणि म्हणाली, दिसला का आता. मग मला पानं निवडायला बसवलं. जाड देठं वेगळी काढायची असतात, हे मला माहीत नव्हतं.