शुक्रवारचा तास

४ जुलै

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राला बुकबाइंडिंगच्या खळीचा वास येत होता, म्हणजे काम जोरात आहे.

माझ्या वर्गात एक नवी मुलगी आली आहे. तुझ्यासारखंच तिलाही ऐकू येत नाही, ओठ वाचते. दर शुक्रवारी मी एक प्रश्न देते, पोरं गटागटाने सुचेल ते ओरडतात आणि मी फळ्यावर उतरवते. ती बिचारी नुसती इकडेतिकडे मान वळवत बसते. महिनाभरात गटात रुळली नाही तर दुसरी शाळा बघा, असं मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना बजावलंय. मला काही सुचत नाही रे.

लोभ असू दे, आणि उत्तर लवकर.
तुझी धाकटी

११ जुलै

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

प्रश्न आदल्या दिवशी कागदावर दे. आधी पाच मिनिटं सगळ्यांनी मुकाट्याने लिहायचं. मग एकेकाने हात वर करून बोलायचं, म्हणजे कुणाकडे बघायचं ते तिला कळेल. पोरं गप्प बसतील, बाईंचं मात्र सांगता येत नाही.

तुझा दादा

२९ जुलै

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. दोन शुक्रवार ती छान बोलली. काल, तिसऱ्या शुक्रवारी, मुख्याध्यापक मागे येऊन बसले आणि माझी धांदल उडाली. फळ्याकडे तोंड करून मी लिहीत होते आणि लिहितालिहिता पुढचं विचारत होते. तिला काहीच दिसलं नाही. तिने हात वर करून जे सांगितलं ते आधीच दुसऱ्या कुणीतरी सांगून झालं होतं. वर्ग हसला. काय झालं, असं तिने मला विचारलं. मी म्हणाले, नंतर सांगते.

आज तिचे वडील येऊन दाखला घेऊन गेले. तुझ्याबरोबर लहानाची मोठी झाले आणि माझ्याकडूनच हे व्हावं! स्वतःची लाज वाटते.

तुझी धाकटी

४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मला नवल वाटलं नाही. आपलं घर विकायचं ठरलं त्या दिवशी सगळे एकदम बोलत होते. मी तुला विचारलं, तेव्हाही तू नंतरच सांगणार होतीस. दारात सामानाची गाडी उभी राहिली तेव्हा मला कळलं. राग आला होता, अजूनही थोडा आहे.

तिच्या घरी जा. उजेडाकडे तोंड करून बस आणि त्या तासाला कोण काय बोललं, पोरं का हसली, ते सगळं सांग. ती शाळेत परत येणार नाही. तरी सांग. घर विकायच्या त्या दिवशी कोण काय बोललं, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

लोभ आहेच, पण मला उत्तर नंतर लिही, आधी तिच्याकडे जाऊन ये.
दादा