देवीचा पितळी मुखवटा आणि माझे दुकान

मी, खाली सही करणारा, धंद्याने तांबट, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी भरीस न घालता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुतण्या शंका घेणारच, म्हणून आधीच घेऊन ठेवला.

१. राहते घर मुलीला.

२. हातोड्या, ऐरण आणि भाता माझ्या जुन्या कारागिराला. तेजाबाची बरणी मात्र कोणालाही देऊ नये. कारण पुढे येते.

३. देवीचा पितळी मुखवटा आठशे वर्षांचा आहे, असे देवस्थानच्या ‘इतिहास व माहात्म्य’ या पुस्तिकेत छापले आहे. तो एकतीस वर्षांचा आहे. मूळ मुखवटा पुजाऱ्यांनी माझ्याकडे उजळायला दिला होता. तो तेजाबात बुडवून मी जेवून जरा आडवा झालो, आणि डोळा लागला. पत्रा मुळातच झिजलेला. उठून पाहतो तो नाक आणि एक गाल नाहीसा. चार दिवसांत नवा ठोकला. देवीचा चेहरा काही केल्या आठवेना. समोर बायको भाता ओढत बसली होती.

पुजारी एवढेच म्हणाले, “उजळल्यावर देवी हसरी दिसायला लागली हो!” पुस्तिका लिहिणाऱ्या मास्तरांनी पुढच्या आवृत्तीत त्या हसण्याची कथा घातली. डावी भुवई वर उचललेली आहे ती भक्तांवरील कृपेने, असेही त्यात आहे. आमच्या घरात ती भुवई वर गेली की मी गप्प बसत असे.

४. त्यानंतर बायको देवळात गेली नाही. “स्वतःच्याच पाया पडू का?” म्हणायची. आज देवस्थानचा अध्यक्ष असलेला माझा पुतण्या तिला चारचौघांत म्हणाला होता, “काकू, देवीची तरी लाज बाळगा.” ती हसली. मी बोलायला हवे होते. बोललो नाही.

५. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून मी रोज देवळात जातो. म्हातारा उशिरा का होईना भक्तीला लागला, असे लोक म्हणतात. तिने फोटो कधी काढू दिला नाही.

६. अध्यक्षांनी चांदीचा मुखवटा करून जुना वितळवायचे ठरवले आहे. म्हणून माझे दुकान देवस्थानला, या अटीवर की पितळी मुखवटा गाभाऱ्यातच राहील. तो काढायचाच असेल तर आधी मुलीच्या हाती द्यावा. मग दुकानही तिचेच, आणि कलम तीन देवळाच्या फलकावर लावावे. पुतण्या इतकी वर्षे कोणापुढे कपाळ टेकत होता, हे तेव्हा सर्वांना कळेल. माझा अंदाज, तो गप्प बसेल. एवढ्या बाबतीत तो माझ्यावर गेला आहे.

७. नातीने आजीला पाहिलेले नाही. ती चालू लागली की मुलीने तिला गाभाऱ्यापाशी न्यावे, कडेवर घ्यावे आणि आजी अशी दिसायची, असे सांगावे. ती देवीला आजी म्हणू लागली, तर लोक कौतुक करतील. करू द्यावे.

सही: तांबट
साक्षीदार (सही होताना पाहिली, मजकूर वाचला नाही): डॉक्टर, शेजारचा शिंपी
ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१८