डॅक घेताना ऐकू आलेलं

४ नोव्हें., मंगळ.
फोनवरून ऐकायला डॅक घ्यायचाच, म्हणजे फोन आणि हेडफोनच्या मध्ये लावायची, आवाज सुधारणारी डबी. हेडफोन चांगला आणि फोनचा आवाज मरतुकडा, हे आता सहन होत नाही. दोनच उरले: मोठा, स्वतःच्या बॅटरीचा, खिशात विटेसारखा, किंवा छोटा, पण फोनची बॅटरी पिणारा. महिनाभर, शिकवायचे तास तेवढे सोडून, हेच वाचतोय. सौ. म्हणाली, "मले पाहाले आले तेव्हा एवढा विचार केला होता काय?" नव्हता.

भातकुलीच्या मुलाखती उतरवून अहवाल करणाऱ्या मॅडमकडे दिल्या. शेतकरी नवरा गेलेल्या सहा बाया. सुटलो एकदाचा.

९ नोव्हें., रवि.
अकोला. जुन्या शहरात सलीमभाईंचं दुकान. ते गाणं लावू देत नाहीत. "गाण्यात समदेच डबडे चांगले वाजतात सर. बोलणारा मानूस लावा, वळखीचा."

फोनमध्ये बोलणारं माणूस एकच उरलं होतं: रेकॉर्डरवरून घेतलेल्या मुलाखतींतली तिसरी बाई. लावली. आधी मोठा डॅक. तिचा श्वास, मागे कोंबडी, आणि सारखी टकटक. मग कळलं, ती माझ्या फोनच्या बटणांची. रेकॉर्डर बाजेवर ठेवला होता आणि मी डॅकची परीक्षणं टाइप करून शोधत होतो. ती नवऱ्याचं शेवटचं सांगत होती तेव्हा.

मग हळू आवाजात: "माहं नाव लिवजा जी. सुमन. समदे कागद त्यायच्याच नावानं हायेत."
त्यावर माझा आवाज, "हो हो, लिहितो." टकटक चालूच.

उतरवताना त्या जागी (अस्पष्ट) लिहिलंय मी. वर मथळा, 'कै. अमुक यांची पत्नी'.

सलीमभाईंनी विचारलं, "कोन हाये सर, घरच्या?" म्हणालो, हो.

छोटाही लावून पाहिला. त्यात तिचं नाव बारीक खरखरीत बुडतं. म्हणून मोठा घेतला. कोणता चांगला हे मी तिच्या नावावरून ठरवलं. लाज वाटते हे लिहायलाही, पण घेतला.

१२ नोव्हें., बुध.
डॅक डब्यातच. सौ.ने विचारलं, ऐकत काहून नाही. चार्ज व्हायचाय म्हणालो.

मॅडमचा फोन. सोमवारी अकराला अहवाल छापायला जातोय. "तिसऱ्या मुलाखतीत एक जागा अस्पष्ट आहे. रेकॉर्डिंगच खराब होतं ना?"
हो म्हणालो. इतकं पटकन, की मलाच... एक शब्द सांगायचा होता. पण मग टकटकही सांगावी लागली असती. वीस वर्षं पोरांना शिकवतो, लक्ष देऊन ऐका.

१६ नोव्हें., रवि.
भातकुलीला गेलो. म्हटलं, आधी तिला सांगू, मग मॅडमला. सुमनबाई कापूस वेचायला निघाल्या होत्या, वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधलेली. ती सोडून ठेवली. "बसा जी, चहा मांडतो."

एक दिवसाची मजुरी माझ्यासाठी थांबली आणि मी कोंबड्या पाहत बसलो. सून दारात उभी. तिला म्हणाल्या, "हेच ते सर. यायनं समदं आयकून घेतलं माहं. कोनी आयकत नाही एवढं."

आता बोलायला हवं होतं. म्हणालो, चहा छान झालाय.

निघताना त्यांनी विचारलं, "छापलं काय जी? माहं नाव कोन्या पानावर हाये?"
म्हणालो, अजून छापायचंय.

खोटं नाही बोललो. उद्या अकरापर्यंत ते खरं आहे. मॅडमचा नंबर काढून फोन समोर ठेवलाय.