मोरपिसाची माशी

जालना, ९ जाने. १९५६
काल पोहोचलो. मालवणात दीड महिना काढला. दमा बराच उतरला. डॉक्टर बोलले होते, कापसाच्या जिनिंगच्या धुळीनं छाती भरली, समुद्राची हवा खा. खाल्ली. हवेबरोबर आणखी एक गोष्ट आणली, ती पलंगाखाली आहे. तीन तुकडे, जुन्या धोतरात गुंडाळलेले.
मांनं विचारलं, "लांबलांब काय रे ते? छत्री?" मी म्हणालो, "हां." घरात पाय टाकला न टाकला तोच लबाडी. बोलता आलं असतं की काठी आहे. काठीच आहे ती, खोटं न्हाई. पण कसली काठी हे पुढं विचारलं असतं तर?

१० जाने.
लिहून टाकतो, जरा हलकं वाटेल.
मालवणच्या खाडीवर परेरा भेटले. बंदरखात्यातून रिटायर, सत्तरीचे. रोज ओहोटीला पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाण्यात उभे. हातात चिरलेल्या बांबूची नाजूक काठी. दोरी हवेत मागं जाते, सरळ होते, पुढं येते आणि पाण्यावर अलगद बसते. टोकाला किडा न्हाई, गांडूळ न्हाई, पिसांची नकली माशी. मासा तिला कोळंबी समजून येतो.
मी आधी दुरून बघायचो. जैनाच्या पोरानं ते बघणंही बरं न्हाई. मंग रोज थोडं जवळ. एक दिवस त्यांनी काठीच हातात दिली. "घाई करू नको शेट. दोरी मागे सरळ होवंक दी, मगे फुडे टाक." पहिल्या फेकीला दोरी माझ्याच कानात अडकली.
मी आधीच सांगितलं, "शिकतो, पण धरणार न्हाई. आम्ही जैन आहोत." म्हातारा हसला. "सगळे आधी कायतरी असाच म्हणतत."
एकही मासा धरला न्हाई, हे खरं. निघताना त्यांनी जुनी काठी, दोरी गुंडाळायची चरखी नि थोडे गळ देऊन टाकले. न्हाई म्हणवलं न्हाई माझ्याच्यानं.

१७ जाने.
जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत फेक चालू. गळाच्या जागी कापसाचा बोळा बांधलाय. त्यात कसलं पाप? कापूस तर कापूस.
आज वडीगोद्रीचे रंगनाथराव कापसाची गाडी खाली करायला आल्ते. कुंपणापाशी उभे राहून बघत बसले. "शेठजी, काय करून राह्यले? पतंग न्हाई, मासा न्हाई, मंग दोरी कशाला फेकून राह्यले?"
"व्यायाम. डॉक्टरनं सांगितला, छातीसाठी."
"असं व्हय. आमच्या बैलाला बी शिकवा मंग, तो बी लय हापतो."
गडी हसले. मीही हसलो. दुसरी लबाडी.

२ फेब्रु.
हात बसला! आज बोळा दूरच्या गोणीवर बराबर जाऊन पडला. जोर लावला की बिघडतं, थांबलं की जमतं. मागं गेलेली दोरी सरळ व्हायची वाट बघायची, एवढीच खुबी. धंद्यात मला कधी थांबता येत न्हाई, इथं येतंय. दमही लागला न्हाई. फार बरं वाटलं. मंग जेवताना बाबूजींनी ताटाला हात लावण्याआधी नेहमीसारखं पाणी निरखून पाहिलं, एखादा जीव न्हाई ना म्हणून. 

१४ फेब्रु.
माशी आपली आपण बांधता यायला पाहिजे, असं परेरांनी बजावलंय. सामान जमवतोय. रेशमाचा दोरा न्हाई घेतला, त्यात किडे मरतात. सुती घेतला. पिसाचं अडलं. बाजारात कोंबडीची मिळतात, ढिगानं. पण ती मारलेल्या कोंबडीची. बिलकुल न्हाई.
मोराचं पीस आपोआप गळतं. त्यात हिंसा न्हाई. परेराही म्हणाले होते, मोरपिसाच्या तंतूसारखं दुसरं काही न्हाई. पण मोर पिसं टाकतो पावसाळ्याच्या शेवटी, माघात मोरपीस आणायचं कुठून?
कुठून ते माहीत आहे मला. लिहीत न्हाई.

१६ फेब्रु.
घेतली.
मागल्या चातुर्मासाच्या शेवटी मुनिमहाराजांनी पिच्छी, म्हणजे हातातली मोरपिसांची झाडणी, बदलली. जुनी पिच्छी जो मोठं व्रत घेईल त्याच्या घरी जाते. बाबूजींनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं, भर सभेत, मां शेजारी उभी. ती पिच्छी आमच्या घरी आली. बसायच्या आधी जागेवरून मुंगी हळूच बाजूला सारायची, म्हणून ती मोरपिसांची. पांढऱ्या कपड्यात गुंडाळून देवघराच्या वरच्या फळीवर असते.
दुपारी सगळे झोपले होते. आतल्या बाजूची मूठभर पिसं ओढली, बाहेरून दिसणार न्हाई अशी. निवड मात्र चांगली केली. लांब तंतूंची तेवढीच घेतली.
माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मला माझीच कीव यायला नको. मला वाटलं, कोंबडीपेक्षा हे बरं. कमी पापाचं.

१७ फेब्रु.
सु.नं पाहिलं. बायकोपासून काय लपतं? माशी दिव्यासमोर धरून म्हणाली, "छान झालीय. कर्णफुलासारखी." मंग तंतू ओळखले. चेहराच उतरला. "हे आपल्या वरच्या फळीवरचं?"
मी माशी तिच्या हातून काढून घेतली.
"तुम्हाला अक्कल आहे का हो?" एवढंच. 

३ मार्च
बाबूजींसमोर खोकलो. पुन्हा पुन्हा खोकलो. ते म्हणाले, "जल्दी जाऊन ये समुद्रावर, खर्च्याचं बघू नको. आधी तब्येत." स्वतः स्टेशनवर आले. डब्याच्या खिडकीतून हात घालून शालीची घडी माझ्या मांडीवर ठेवली.
अरे, मला जमिनीनं गिळावं.

मालवण, ९ मार्च
मनमाड, मुंबई, मंग आगबोट.  परेरांनी माशी हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली. "कोणी बांधलान?" "मी." "पिसा खयसून आणलंस?" "घरची आहेत." काय चुकीचं बोललो?
खाऱ्या पाण्यात चरखी गंजते, रोज गोड्या पाण्यानं धुवायची. वारा तोंडावर असला की फेक आडवी, पाण्याला लागून. उद्या ओहोटी सकाळी.

१० मार्च
लागला.
झाडांच्या मुळांपाशी फेकली, हळूहळू ओढत होतो, आणि दोरी थांबली. मंग सगळी काठी जिवंत झाली. हे मला शब्दांत न्हाई सांगता येत. छाती मोकळी झाली, दम आठवलाच न्हाई. मी ओरडत होतो. कुणाला ओरडत होतो कोण जाणे. परेरा पार वळणापलीकडं.
मासा काठावर आणला. चांदीसारखा, दोन हात लांब वाटला तेव्हा. सोडायचाच होता. मनात पहिल्यापासून सोडायचाच होता. गळ काढायला वाकलो आणि हात पुढं जाईना. जन्मात कधी मासा शिवलो न्हाई. ओला, तो उघडमीट करणारा जबडा. दोनदा हात नेला नि मागं घेतला. धोतराच्या सोग्यानं धरू पाहिलं, निसटला, वाळूत आपटला. परेरांना हाका मारल्या. ते येईपर्यंत त्याचं फडफडणं थांबलं.
परेरांनी पाण्यात धरून हलवला, पुढं-मागं. उलटा झाला. "हो चोणक मासो रे. मेलो तो." माझ्याकडं बघून म्हणाले, "हात लावूक भियालस?"
शिवायचं पाप टाळलं आणि जीव घेतला. परेरा मासा घरी घेऊन गेले, कालवणाला. मी खोलीवर येऊन आंघोळ केली, मंग परत केली.

११ मार्च
पुन्हा गेलो. हे लिहिताना लाज वाटते, पण गेलो. काही लागलं न्हाई. परेरांनी गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकला, माशाच्या तोंडातून लवकर निघावा म्हणून. ओल्या हातानं मासा कसा धरायचा, तेही दाखवलं. मी शिकून घेतलं.

जालना, २९ मार्च
बाबूजी म्हणाले, "चेहऱ्यावर तेज आलं रे तुझ्या." मां दृष्ट काढते म्हणाली.

६ जून
उकाडा. धंदा थंड. काठी पेटीत आहे. विचार कमी झाला, असं लिहिणार होतो. न्हाई झाला.

१० सप्टें.
पर्युषण सुरू. बाबूजींनी पिच्छी दर्शनासाठी खाली घेतली. कपडा सोडला. बोटांना ढिली लागली. मधली जागा रिकामी. 
मां रडायला लागली. "उंदीर गेले असतील. माझीच चूक, मीच फळी झाडली न्हाई." रडत रडत फळीवरचं सगळं खाली काढलं. बाबूजी तिला रागावले न्हाई. कुणालाच रागावले न्हाई. "महाराजांनी माझ्या हातात दिल्ती. सांभाळायची मला होती. प्रायश्चित्त माझं."
मी खांबाला टेकून उभा. सु. माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं पाहिलं न्हाई.

११ सप्टें.
बाबूजींचा उपवास. निर्जळ. पाणी पण न्हाई. किती दिवस ते सांगत न्हाई.
मांनं मजूर लावून देवघराची भिंत खोदायला लावली, उंदराचं बीळ सापडावं म्हणून.

१२ सप्टें.
बाबूजींचे ओठ सुकलेत. बसल्या जागी माळ. वैद्य आल्ते, मान हलवून गेले. सु. स्वयंपाकघरात मला अडवून म्हणाली, "उद्या सकाळपर्यंत तुम्ही सांगा, न्हाई तर मी सांगते. एका घोटाचा प्रश्न आहे हो. बाप आहे तुमचा."
मला काय भीती वाटते? मारतील? या वयात? न्हाई. "तेज आलं" म्हणतानाचा त्यांचा हसरा चेहरा पुन्हा दिसणार न्हाई, ही भीती. स्वार्थच तो पण.

१३ सप्टें.
सांगितलं.
सकाळी पायाशी जाऊन बसलो. "बाबूजी, पिच्छीची पिसं उंदरांनी न्हाई नेली. मी घेतली."
डोळे मिटलेलेच. "कशाला?"
सगळं सांगितलं. काठी, परेरा, माशी, खोटा खोकला. चोणक मेला तेही. हात लावायला भ्यालो म्हणून मेला, तेही. मां दारात होती, पदर तोंडाशी.
म्हणाले, "बाजारात कोंबडीची पिसं मिळतात. ती का न्हाई घेतली?"
"हिंसा होईल म्हणून."
त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता कानफटात बसते. बसली असती तर बरं झालं असतं. ते नुसतं बघत राहिले, जसं काही मी परक्या मुलखातला कुणी आहे. मंग म्हणाले, "शिकवण्यात माझं कुठंतरी चुकलं."
"न्हाई बाबूजी—"
"नियम घे. मासा धरायचा न्हाई."
"घेतो."
"किती मुदतीचा?" आवाज अगदी बारीक. "मला बरं वाटावं म्हणून बोलू नको. मोडलेला नियम न घेतलेल्यापेक्षा वाईट. पाळशील तेवढाच बोल."
मां पाण्याचा पेला घेऊन उभी. कानात म्हणाली, "आजीवन म्हण. म्हण ना रे." सु.सुद्धा तेच डोळ्यांनी सांगत होती. आजीवन. एक शब्द. माझ्या जिभेवर आल्ता.
म्हणालो, "एक साल."
मांनं कपाळाला हात लावला. बाबूजींनी मान हलवली. "बरं. एक साल." मांच्या हातून पेला घेतला. दोन्ही हातांनी धरला.
ते पाणी पीत होते आणि मी समोर बसून मनात हिशोब करत होतो, की साल पुरं होईल तेव्हा भादवा महिना असेल, तिकडं समुद्र शांत झालेला असेल, म्हणजे मोसम एकच बुडेल.