माझ्या नावाची बाटली

७ एप्रिल, सोमवार
पहाटे मोहफुलं वेचायला गेले. दोनच टोपल्या भरल्या, कंबरेनं पुढे नाही म्हटलं. तशीच अंगणवाडीत. खिचडी चुलीवर असताना पल्लवीचा फोन. तिच्या सासरी, इटलीत, छोटासा द्राक्षमळा. घरचीच सहा माणसं राबतात, औषध फवारत नाहीत, आणि त्या द्राक्षांची वाइन करतात. लग्न झाल्यापासून मी त्या विषयावर गप्प आहे. आज म्हणाली, "आई, आमच्या सगळ्यात सस्त्या वाइनले तुहं नाव देऊन राह्यलो. इथी घरच्या बायांचीच नावं देतेत. सासूनंच काढलं." माझा होकार पाहिजे. २१ तारखेला लेबलं छापायला जाणार.
खिचडी लागली म्हणून फोन ठेवला. खरंच लागली होती.

८ एप्रिल
अंगणवाडीत दोन मुलांची वजनं चुकीची लिहिली. लक्ष नाही. गावाच्या दारूबंदी समितीची मी अध्यक्ष, अकरा वर्षं. मीच वेचलेल्या फुलांचे लाडू करते आणि त्याच फुलांची दारू कोणी गाळली तर हंडा फोडते. आता माझं नाव बाटलीवर.
पल्लवी कौतुकानं सांगत होती, "मजुराले बी परवडते आई, जेवताना घेतेत लोकं." स्वस्त होती म्हणूनच तर तुझा बाप गेला. हे ओठांवर आलं होतं. तिनं सगळं पाहिलं आहे, आठ वर्षांची होती. मग कशी करवते तिला?

१२ एप्रिल, शनि.
मनोहर मूल गावाहून आला. धाकटा भाऊ, आला की तांदूळ आणतोच. अर्धं पोतं ठेवून, चहा घेऊन, घाईत गेला. दुपारी शेजारची बेबी तांदूळ निसायला बसली. पोत्यात हात घातला आणि थांबली. टॉवेलात गुंडाळलेली काळपट बाटली.
"बाई, हे काय होय वो?"
लेबलावर वेलीचं चित्र. खाली देवनागरीत माझं नाव, 'शकुंतला'. पल्लवीचं अक्षर. 'श'ची गाठ मीच गिरवून घेतली होती तिच्याकडून.
गेल्या पावसाळ्यात बेबीच्या नवऱ्याचा हंडा मी फोडला. चावडीसमोर उभं करून त्याला स्वतःचं नाव घ्यायला लावलं. रीतच आहे ती. बेबी सूप झटकत म्हणाली, "मले काई दिसलं नाई. तुमचं तुमी पाहा." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

१३ एप्रिल
मनोहरला फोन केला. पल्लवीची मैत्रीण नागपूरला आली, ती त्याच्याकडे नमुन्याची बाटली देऊन गेली. "पोरीनं पाठवलं म्हून आणलं बाई. फुटू नये म्हून तांदळात घातली, घाईत सांगाचं भुललो. इकडं तं दुकानातच भेटते. वैनगंगा उतरली का तुमच्या जिल्ह्यात दारूबंदी लागते, माह्या ध्यानातच नाई राह्यलं." पोलिसात असता तरी विसरला असता. लहानपणापासून असाच.
बाटली कणगीमागे. घरात चोर असल्यासारखं वाटतं. चोर मीच.

१५ एप्रिल, मंगळ.
समितीची बैठक. बाटली पदराखाली घेऊन गेले आणि चिंचेखाली सगळ्यांसमोर ठेवली. रीतीप्रमाणे विचारायचं असतं, कोणाची? विचारणारीही मीच. म्हटलं, माझी. नाव विचारायला कोणी धजेना. मग मीच घेतलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. सगळं सांगितलं. पोरीचं, मळ्याचं.
सुशीला म्हणाली, "पोरगी चांगलं कमावून राह्यली, तुमाले काऊन लाज?" दुसरी म्हणे, आपल्या माणसांना कळलं तर उद्या एकही हंडा फोडू देणार नाहीत. दोन्ही खरं.
दगड उचलला तर बेबी आडवी आली. "बाटली फोडा बाई. कागद कायले फोडता? पोरीच्या हातचं हाये." बोरिंगवर नेऊन तिनंच पाण्यात भिजवून लेबल सोडवलं. मग मी फोडली.
वास आला. मला वाटलं होतं, ह्यांच्या तोंडाचा वास येईल. तसा नव्हता. पिकल्या जांभळांसारखा होता. रडू आलं, बायांसमोरच.

१८ एप्रिल
ताप. अंगणवाडीत मदतनीसबाईनं सांभाळलं. पल्लवीचे तीन फोन आले. एकही घेतला नाही. दमले आहे मी, नुसती ह्या एका गोष्टीनं नाही.

२० एप्रिल, रवि.
लेबल वाळलं. ह्याच पानावर चिकटवलं आहे, एक कोपरा फाटका.
पल्लवीचा मेसेज, "आई, उद्या सकाळी छापाले जाते. हो का नाई?"
मी विचारलं, तुझ्या बापाचं त्यांना सांगितलंस का? बाटली फोडली, तेही लिहून टाकलं. उत्तर आलं: "फोडली ते बरं केलं. सासूले बाबाचं सगळं सांगतलं होतं. तिचा बाप बी असाच गेला आई. म्हून तिनं तुहं नाव काढलं."
तीनदा वाचलं. मग ती बाई रोज वाइन बनवते कशी, बापाचा वास आठवत नाही का तिला? तिला विचारायचं आहे. तिची भाषा मला येत नाही, पल्लवी सांगेल समजावून.
हो की नाही, ते अजून लिहिलेलं नाही. फोन हातात आहे.