बिस्किटाच्या डब्यातली वेणी

प्रिय सूनबाई,

फोटो मागून कोणी काढला ते सांगते गं, पण आधी तो तुमच्या औषधाच्या दुकानात काचेवर लावायचा बेत रद्द कर. ‘बासष्टाव्या वर्षी ही वेणी, फक्त तीन महिन्यांत’ असं तू लिहिणार, चार बायका त्यावर भुलून त्या केस वाढवायच्या गोळ्या नेणार, आणि मग तुझी नोकरी जाणार नि तळतळाट मला लागणार.

वेणी माझीच आहे, शपथेवर सांगते. फक्त डोक्यावर उगवलेली नाही, बांधलेली आहे. वीस वर्षं फणीत आलेला एकेक गुंता मी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलाय, माझी आई ठेवायची तसा. त्याचंच गंगावन केलं. आत जी खरी शेपटी आहे ती बघून उंदीरसुद्धा लाजेल.

मग तू पाठवलेल्या गोळ्या गेल्या कुठे? समोरच्या दारातला शिंपी आठवतो ना, ज्याच्या टकलाला तू ‘आरसा’ म्हणायचीस? बाटली आली त्या दिवशी तो माझे उशीचे अभ्रे द्यायला आला होता. झिंक, सेलेनियम, ई जीवनसत्त्व, सगळं चष्मा लावून वाचलंन आणि म्हणाला, “वहिनी, एक मला द्या, बघू तरी.” मी म्हटलं, खडकावर खत घालून काय पिकणार? पण दिली. दुसऱ्या दिवशी स्वारी परत हजर. गोळी जेवणानंतर घ्यायची असते, म्हणून मग आधी जेवायलाही बसायला लागला. तू रोज एक सांगितलीस, मी रोज एक दिली. फक्त तोंड बदललं.

दर शनिवारी टेप लावून टक्कल मोजायचा आणि मापाच्या वहीत लिहायचा, गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेच्या खाली. तीन महिन्यांत टक्कल पाव इंच वाढलं. मी म्हटलं, “गोळ्या लागू पडल्या की, टकलाला.” तो इतका हसला की ठसका लागला. तुझे सासरे गेल्यापासून सहा वर्षांत या स्वयंपाकघरात माझ्या विनोदावर मीच हसत होते.

तू एवढ्या हौसेने पाठवतेस, दर महिन्याला फोटो मागतेस, तुला ती शेपटी कुठल्या तोंडाने दाखवू? त्यालाच डबा दाखवला. दोन दुपारी खाली मान घालून त्याने केस न् केस विंचरला, शिवला. मजुरी विचारली तर रागावला.

तुझा नवरा दर रविवारी फोनवर म्हणतो, आई, एकटी कशी राहतेस, इकडे ये. मी हूं हूं करते आणि विषय बदलते. पोटचं पोर आहे, पण त्याच्यापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. तुझी चिकटत नाही, तीन वर्षं बघतेय. म्हणून हे पत्र त्याला नाही, तुला.

तर फोटो त्या शिंप्यानेच काढला. गेल्या सोमवारी आम्ही कचेरीत जाऊन सह्या केल्या, लग्न केलं. आता तो मला वहिनी म्हणत नाही. माझ्या पोराला तू सांग.

तुझीच,
सासू