आष्टी स्टँडवरचा माझा फोटो

३ नोव्हेंबर २०००, शुक्रवार
स्टँडवर आज कॉम्प्युटर बसवला. काचेवर बोट ठेवलं की गाड्यांची माहिती येते. पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, चित्रं, बटणं लोकांनी आपल्या सोयीनं लावायची, कुणालाही बदलता येतील. हसू आलं. नगरची पाटी डोळ्यासमोर असताना नगरची गाडी कोणती विचारणारे हे, आणि हे स्क्रीन मांडणार! एकोणीस वर्षं कंट्रोलर आहे मी. पब्लिक ओळखून आहे.

सतरा तारखेला बीडहून साहेब बघायला येणार. काम पसंत पडलं की बीडच्या कॉम्प्युटर सेक्शनला बदली. बायको वनमाला आणि मुलगी रुचिका बीडला, मी इथं वनमालानं एसटीतून पाठवलेल्या डब्यावर. आठ वर्षं झाली. ही बदली माझीच.

४ नोव्हेंबर, शनिवार
इंजिनिअरकडून माझा टायवाला फोटो आत घालून घेतला. दाबला की माझ्या बावीस सूचना. शुद्ध मराठीत. कोणतं चित्र किती वेळा दाबलं, ते मशीन मोजतं. संध्याकाळपर्यंत मला तीन. तिन्ही वेळा मीच. टेस्टिंग.

७ नोव्हेंबर, मंगळवार
वाट लावली पब्लिकनं. ऊसतोडीच्या बायकांनी कारखान्याच्या गाड्या वर घेतल्या, खुणेला कोयता. जामखेडच्या गाडीला म्हैस. का, तर बाजार! माझ्या सूचना पार तळाला. झाडूवाली भामाबाई यांची पुढारी. मशीनला का हात लावतेस म्हणून झापलं. तर म्हणे, लोकायला वाचता येत न्हाई सायब, चित्र कळतंय. मग शिका म्हणावं.
निश्चय: रोज सकाळी आठला स्क्रीन पूर्ववत करणे.

८ नोव्हेंबर
पूर्ववत केली. दुपारी पुन्हा म्हैस.

९ नोव्हेंबर
अ‍ॅसिडिटी. निश्चय सोमवारपासून.

१३ नोव्हेंबर, सोमवार
रविवारी बीडला जाऊन आलो, आणि बघतो तर माझा फोटो सगळ्यात वर, मधोमध, मोठा! पब्लिकनं आपणहून केलंय. आकडा दोनशे बारा. उशिरा का होईना, अक्कल आली. आता मीच तो दाबून बघणं शोभणार नाही. स्क्रीन पूर्ववत करण्याचा निश्चय रद्द.

१५ नोव्हेंबर, बुधवार
सातशे चाळीस. माणसं फोटो दाबतात आणि लगबगीनं माझ्या केबिनकडे येतात. आत यायचं धाडस नाही, मागून वळसा घालून जातात. परतताना चेहऱ्यावर समाधान. सुग्रीव ड्रायव्हर उगाच दात काढत होता. जळतो.
वनमालाला फोन केला. मोठी खोली बघून ठेव म्हटलं. ती म्हणाली, आधी ऑर्डर येऊ द्या. हिचा स्वभावच असा.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
साहेब आले. आकडा अकराशे नव्वद. चकित झाले. मी म्हटलं, लोकांचा विश्वास, साहेब. त्यांनी सगळ्या स्टाफसमोर माझा फोटो दाबला.
नकाशा आला. बाण सरळ माझ्या केबिनच्या मागे. मुतारी. डावीकडे पुरुष, उजवीकडे बाया.
भामाबाईला बोलावलं. जराही घाबरली नाही. म्हणे, मुतारीचं चित्रच न्हवतं मशिनीत. सायबाची केबिन सगळ्यायला ठावं हाय, मागंच तर हाय, म्हणून सायबाचा फोटू उचलून मुतारीच्या नकाशाला लावला. बाईमाणसाला आता कुणाला इचारावं लागत न्हाई, लाजून अवघडून बसावं लागत न्हाई.
साहेब हसले असते तरी चाललं असतं. हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

२० नोव्हेंबर, सोमवार
ऑर्डर आली. भामाबाईला बीडला बोलावलंय, बाकीच्या स्टँडवाल्यांना स्क्रीन कशी मांडावी ते दाखवायला. मी इथंच. फोटो बदलू नये, लोकांना सवय झाली आहे, असंही लेखी.
वनमालाला फोन लावला आणि ठेवून दिला. रडायला येत होतं.
निघताना भामाबाई केबिनच्या दारात आली. तुमच्या घरी काई निरोप हाय का, विचारलं. वनमालाचा रिकामा डबा तिच्याकडे दिला.
मग माईक हातात घेतला. बीडची गाडी फलाट दोनवर लागली आहे, हे मलाच सांगावं लागलं.